डाव्या बाजूचा अपघात

“इथं. ही डावी बाजू सगळी आत गेली होती,” अण्णा म्हणाले. काठीचं टोक त्यांनी मडगार्डजवळ हवेतच धरलं, रंगाला लागू दिलं नाही. “दिवा फुटला, दार वाकलं, बॉनेट तंबूसारखं उभं राहिलं. लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं. मग खिशातून रंगाची जाडी मोजायचं काडेपेटीएवढं यंत्र काढून त्याच मडगार्डवर टेकवलं. टिक असा आवाज आला आणि आकडा दिसला. शंभराच्या जरा खाली. चार बोटं पुढे टेकवलं, तसाच. दिव्याच्या खोबणीभोवती, दाराच्या कडेला, बॉनेटवर, सगळीकडे आकडा शंभराच्या आसपासच घुटमळत राहिला.

“अण्णा, नक्की हीच बाजू ना?”

“गाडी माझी, अपघात माझा, आणि बाजू तुम्ही विचारताय?” ते हसले. “डावी. लिहा.”

त्या वर्षी मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून पुण्यात पाध्ये सरांकडे कामाला लागले होते. सर जुन्या गाड्यांची किंमत ठरवून देत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून चौगुले नावाच्या फौंड्रीवाल्यांचा फोन आला, तेव्हा सरांची कंबर धरलेली होती, म्हणून त्यांनी मला एकटीला पाठवलं. फोन धाकट्या भावाचा होता, शांतिनाथ चौगुल्यांचा. गाडी थोरल्याची, सुकुमार चौगुल्यांची. त्यांना सगळं उद्यमनगर अण्णा म्हणायचं.

कारखान्यामागे घर, घराशेजारी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ती गाडी होती. १९७२ सालची डॅटसन २४०झेड. दोन दारं, लांबलचक नाक, गडद हिरवा रंग. नैरोबीत नोकरी करून परतलेल्या एका इंजिनिअरनं ती बोटीनं आणली होती आणि अण्णांनी तरुणपणी त्याच्याकडून घेतली होती. मी असली गाडी फक्त चित्रात पाहिली होती.

सकाळी शांतिनाथनीच मला शेड उघडून दिली होती. पन्नाशीच्या आतले, अंगानं आडवे, बोलायला मोकळे. “मॅडम, एक सांगा,” त्यांनी विचारलं होतं, “ही गाडी तर तेव्हा परदेशात मास्तरसुद्धा घ्यायचे म्हणे. मग आता लोक हिच्यासाठी एवढे वेडे का झालेत?”

“म्हणूनच,” मी म्हणाले. “स्वस्त होती, म्हणून कुणी जपली नाही. पावसात उभ्या राहिल्या, गंजल्या, शर्यतीत मोडल्या. ज्या उरल्या त्यांतल्या बहुतेक पुन्हा रंगवलेल्या. कारखान्यातून निघाल्या तशाच राहिलेल्या फार थोड्या.”

“म्हणजे नवा रंग मारला तर किंमत वाढत नाही?”

“उतरते. रंग कितीही चांगला असला तरी तो दुसरा. मूळ रंग एकदाच बसतो.”

“घ्या वैनी,” शांतिनाथ चहा घेऊन आलेल्या राजमतीकाकूंना म्हणाले, “तुम्ही दर दिवाळीला कपाटांना रंग काढता, सगळी किंमत घालवली की ओ.”

काकूंनी गाडीकडे न बघताच कपबश्या स्टुलावर ठेवल्या. “मला किंमत नको आणि काही नको. हिनं माझ्या माणसाचा पाय घेतला. कुणीतरी घेऊन जा म्हणावं हिला.”

तेवढ्यावरून मला पुरेसं कळलं होतं. अण्णांचा डावा पाय आखूड होता. जाड तळाचा बूट, हातात काठी. १९८३ साली पन्हाळ्याच्या रस्त्यावर गाडी लिंबाच्या झाडावर गेली, पायाचा चुरा झाला. गाडी मुंबईला दुरुस्तीला गेली, वर्षानं परत आली आणि वडिलांनी ती शेडमध्ये घालून कुलूप लावलं. त्यानंतर ती रस्त्यावर गेलीच नाही. पुण्यातला एक संग्राहक ती घ्यायला उत्सुक होता, पण अटीवर. अपघात झालेली गाडी त्याला नको होती. अपघात झाल्याचं शांतिनाथनी त्याला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, किती लागलंय ते तज्ज्ञाकडून लिहून आणा, मग बघू. म्हणून मी आले होते. आमच्या अहवालाच्या डोक्यावर एक शब्द असे, ‘मूळ’ किंवा ‘अपघातग्रस्त’. बाकीची पानं लोक नंतर वाचत.

शांतिनाथ कामाला निघून गेले आणि अण्णा काठी टेकत आले. हातात मोसंबीचा रस. “काय बघायचं ते बघा,” म्हणाले, “पण अपघातग्रस्त असंच लिहा. तो पुण्याचा माणूस परस्पर जाईल. मला गाडी विकायची नाही, आणि शांतूला नाही म्हणून सांगवत नाही.”

हे मला सरळ वाटलं. गाडीवर जीव असलेला म्हातारा. शिवाय अपघात तर खरंच झालेला. मी खुशाल कामाला लागले आणि तिथंच अडकले.

माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्या काळच्या गाडीवर कारखान्यातला रंग शंभर-सव्वाशे मायक्रॉन. पुन्हा रंगवली की आकडा दुप्पट होतो. ठोकलेला पत्रा सरळ करून पुट्टी भरली असेल, तर हजाराच्या पुढेही जातो. अण्णा सांगत होते त्या मोडतोडीनंतर त्या मडगार्डवर किमान एका जागी तरी आकडा उसळायला हवा होता.

आधी मी यंत्रावर संशय घेतला. सोबतच्या नमुन्याच्या पट्टीवर लावलं, बरोबर आलं. शेडच्या लोखंडी दारावर लावलं. त्यावर दरवर्षी एक हात मारलेला असावा, आकडा भसकन वर गेला. यंत्र ठीक होतं.

मग वाटलं, मडगार्डच नवं बसवलं असेल, जपानहून मागवून. या गाडीचं पुढचं मडगार्ड बोल्टांनी बसवलेलं असतं. मी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला. बोल्टांच्या डोक्यांवर तोच हिरवा रंग, कोपऱ्यांवरसुद्धा न उडालेला. त्या बोल्टांना पाना कधी लागलाच नव्हता. दिव्याच्या काचेवर जपानी कंपनीची खूण आणि सालाचा आकडा होता. उजव्याच्या काचेवरही तोच.

मी गाडीखाली पाठीवर सरकले, आतल्या पत्र्याचे सांधे बघितले. ओढून सरळ केलेल्या पत्र्यावर सुरकुत्या राहतात. इथं एकही नव्हती.

“बाळ, कपडे खराब होतील,” वरून अण्णांचा आवाज आला. मॅडमची मी बाळ झाले होते.

“अण्णा, तुम्ही गाडीत कुठे बसला होता?”

“कुठं म्हणजे? चालवत होतो.”

मी बाहेर आले, गुडघे झटकले. “चालवणारा उजवीकडे बसतो. झाड डावीकडे लागलं. मग तुमचा पाय कसा सापडला?”

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “गाडी फिरली.”

“फिरली तर उजव्या बाजूलाही काहीतरी लागेल.”

“तुम्हाला शाळेत हेच शिकवलं का?” ते एकदम म्हणाले. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं, स्टूल पुढे सरकवलं. “बसा. रस घ्या.”

मी बसले. डोक्यात काहीच जुळत नव्हतं. आजवर मी ज्या मालकांना भेटले होते, ते अपघात लपवत. पुट्टीवर हात ठेवून शपथा घेत. इथं उलटंच चाललं होतं. मला वाटलं, हीच ती गाडी नसेल, मुंबईत कुणीतरी दुसरीच देऊन फसवलं असेल. मी इंजिनाजवळच्या पट्टीवरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक ताडून पाहिला, मग अण्णांकडून नैरोबीचे मूळ कागद मागून घेतले. सगळे क्रमांक जुळले. गाडी तीच होती.

“मुंबईत काम कुणी केलं होतं?” मी विचारलं.

“होता एक पेंटर. भायखळ्याचा.”

“नाव?”

“वारला.”

“गॅरेज?”

“पाडलं.”

“अण्णा, लोक गाडी विकताना डाग लपवतात. तुम्ही डाग दाखवताय आणि डाग सापडत नाहीये.”

“मग शोधा की नीट!”

“शोधला. नाहीच आहे. मी अपघातग्रस्त नाही लिहू शकत. या गाडीला कधी कशाचा धक्का लागलेला नाही. अशी गाडी देशात दुसरी असेल की नाही मला माहीत नाही. तुम्हाला विकायची नसेल तर विकू नका, तसं त्यांना सांगा. पण अहवालात मूळ हाच शब्द येणार.”

अण्णांनी शेडच्या दाराकडे बघितलं. “तो शब्द शांतू वाचणार.”

“वाचतील. खूश होतील.”

“आधी खूश होईल,” अण्णा म्हणाले. “मग तुमच्यासारखंच विचारील. मग पाय कशानं गेला?”

 हा प्रश्न इतका वेळ माझ्यासमोर होता आणि मी बोल्ट मोजत बसले होते.

“आत बसू या,” ते म्हणाले. त्यांनी डावीकडचं दार उघडलं, काठी आत घातली, मग पाय हातानं उचलून आत घेतला. मी वळसा घालून चालकाच्या जागेवर बसले. काचा बंद होत्या. आत जुन्या रेक्झिनचा आणि रॉकेलचा वास होता.

“आम्हा जैनांकडं दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, माहीत असेल तुम्हाला,” ते सांगू लागले. “आई तर फार कडक. एक मिनिट उशीर झाला की ताट आत. मग उपाशी झोपा. शांतू वीस वर्षांचा होता, नुकताच कारखान्यात यायला लागलेला. भूक सहन व्हायची नाही त्याला. त्या दिवशी साखळीवरचं काम त्याच्याकडं होतं. लोखंड ओतायच्या साच्याची जड पेटी साखळीनं उचलायची, सरकवायची, खाली ठेवायची. टांगती ठेवून जायचं नाही, हा आमच्या कारखान्याचा पहिला नियम. त्यानं ऊन उतरलेलं बघितलं आणि पेटी तशीच टांगती सोडून घराकडं पळाला. मी मागनं आलो. सगळे गेलेत, पेटी लोंबतीय. खाली घ्यावी म्हणून हात लावला. हूक सुटला.”

त्यांनी बुटाकडे बोट केलं. तेवढंच.

“बंडू मिस्त्री तेवढा होता. त्याला म्हटलं, गाडीत घाल मला, दवाखान्यात चल, आणि वाटेत काय सांगायचं ते ठरवलं. डॉक्टरनं पाय बघितला, गाडी कशाला बघतोय? बंडूनं गाडी इथं आणून ताडपत्री टाकली. आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, आधीपासून या गाडीवर राग. म्हणाले, त्या डबड्याचं तोंड बघणार नाही. फक्त विचारलं, कुठल्या बाजूनं लागलं? पेटी डावीकडनं आली होती. माझ्या तोंडातनं गेलं, डावीकडनं.”

“आणि मुंबई?”

“ट्रकवर घालून मित्राच्या गोदामात ठेवली वर्षभर. परत आणली तर अख्खं उद्यमनगर बघायला आलं. काय काम केलंय म्हणाले! ठोकल्याचं कळतसुद्धा नाही! भायखळ्याच्या पेंटरचा पत्ता मागायला लागले ओ माझ्याकडं.” ते हसले, मला मात्र हसू आलं नाही.

“वडिलांनी शांतिनाथना रागावलं असतं म्हणून?”

“आप्पा चार दिवस रागावले असते. त्याचं काही नव्हतं. पण पोरगं आयुष्यभर माझ्या पायाकडं बघत बसलं असतं. जेवताना, देवळात, त्याच्या लग्नात. कसं जगायचं त्यानं? त्यापेक्षा गाडीवर ढकललं. गाडीला काय होतंय?”

“काकूंना माहीत आहे?”

“नाही. ती गाडीला शिव्या घालते, घालू दे.” त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. “पर्युषण संपलं की आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. दरवर्षी शांतू सगळ्यात आधी माझ्याकडं येतो. वाकतो, म्हणतो, कळत-नकळत काही झालं असेल तर क्षमा करा अण्णा. मी करतो. नकळतमध्ये हेही आलंच की. आणखी काय पाहिजे?”

 पाध्ये सरांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, आपण माणसांची गोष्ट लिहीत नाही, पत्र्याची लिहितो. पत्रा काय सांगतो ते मला पक्कं माहीत होतं. तो शब्द खरा होता. आणि तो एका माणसाच्या हातात द्यायचा होता, ज्यानं तो हौसेनं मागवला होता. गाडी कुणाच्या मालकीची, अहवाल कुणाच्या मालकीचा, आणि हे जे मी आत्ता ऐकलं ते कुणाच्या मालकीचं, हे मी मनात मांडत होते आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येत होतं.

बाहेरून आवाज आला. टिक. टिक.

यंत्र मी स्टुलावर विसरले होते. शांतिनाथ कधी परतले कळलंच नव्हतं. शेडच्या तोंडाशी त्यांची जीप उभी होती आणि नवं खेळणं मिळाल्यासारखे ते जीपला सगळीकडून यंत्र लावत होते. मग आत आले, गाडीच्या उजव्या मडगार्डला लावलं, नाकावरून वळसा घेऊन डाव्याला लावलं. पुन्हा उजव्याला. पुन्हा डाव्याला. आम्ही दोघं आत बसून बाजूच्या काचांतून बघत होतो. अण्णांनी दार उघडलं.

“मॅडम,” शांतिनाथ वाकून म्हणाले, “तुमचं यंत्र बिघडलंय का ओ?”

“का?” अण्णांनीच विचारलं.

“जीपला बरोबर दाखवतंय. गेल्या वर्षी ट्रकला घासली होती, तिथं लावलं की आकडा उडतोय. बाकी ठिकाणी गप. हिला मात्र डावीकडं लावा, उजवीकडं लावा, तेच. डावी तर सगळी आत गेली होती ना?”

“जुन्या पत्र्यावर चालत नाही ते. जपानी पत्रा आहे.”

“पत्रा तो पत्रा, अण्णा. आपलं आयुष्य लोखंडात गेलं, आणि मला सांगताय व्हय?”

“मग मॅडमना विचार. त्या शिकलेल्या आहेत.”

दोघं माझ्याकडे बघू लागले. मी गाडीतून उतरले. एवढंच आठवतं की दार लावताना मी फार जपून लावलं.

“बिघडलंय,” मी म्हणाले. “सकाळपासून त्रास देतंय. मला आज काही लिहिता येणार नाही.”

शांतिनाथनी यंत्र हातात उलटंसुलटं केलं. “जीपला चालतंय,” ते पुटपुटले. मग ते डाव्या मडगार्डपाशी उकिडवे बसले. बॉनेट मी उघडंच ठेवलं होतं. त्यांनी कडेच्या बोल्टांवरून अंगठा फिरवला, एकावरून, मग दुसऱ्यावरून, आणि दुसऱ्यावर अंगठा थांबला. त्यांनी मान वळवून कारखान्याकडे बघितलं. तिथून घणाचे ठोके येत होते, तेवढाच आवाज.

उठताना त्यांनी मडगार्डला हात टेकवला. त्यांची नजर तिथून सरकत खाली आली आणि अण्णांच्या जाड तळाच्या बुटावर थांबली. अण्णांनी काठी घट्ट धरली.

“शांतू,” ते म्हणाले.

शांतिनाथनी मान वर केली आणि थेट अण्णांच्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळे पाण्यानं भरले होते, पण आवाज नेहमीचाच काढायचा त्यांनी प्रयत्न केला. “भायखळ्याचा पेंटर भारी होता म्हणायचा. काही कळूच देत नाही बघा.” मग मला म्हणाले, “यंत्र राहू दे, मॅडम. त्या पुण्याच्या माणसाला मीच फोन करतो. अपघात झालेली गाडी आहे, डावी बाजू. नाही द्यायची म्हणून सांगतो.”

मी सरांना तपासणी अपूर्ण, यंत्र नादुरुस्त असं कळवलं. सरांनी यंत्र नमुन्याच्या पट्टीवर लावून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. पुढे त्या गाड्यांचे भाव कुठच्या कुठे गेले. परदेशातल्या लिलावांच्या बातम्या मी अजून वाचते, आणि हातोडा पडलेल्या गाडीचं वर्णन वाचताना प्रत्येक वेळी मला वाटतं, ही त्या शेडमधल्या गाडीइतकी कोरी नाही.

पण त्या संध्याकाळी त्यातलं काहीच डोक्यात नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून राजमतीकाकूंनी हाक मारली. ऊन कौलांवर गेलंय, पाहुणीला उपाशी ठेवता का म्हणाल्या. शांतिनाथनी बॉनेट दोन्ही हातांनी अलगद खाली दाबलं. दोघं भाऊ घराकडे निघाले, मी मागे. शांतिनाथ अण्णांच्या डाव्या अंगाला चालत होते, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. अंगणात एक दगडी पायरी होती. अण्णा ती काठीनं चाचपून सवयीनं चढले. शांतिनाथनी खाली बघितलंच नाही. त्यांचा पाय पायरीला अडखळला, ते पुढे झुकले आणि अण्णांनी काठी टाकून त्यांचं मनगट पकडलं.

“बघून चाल की, शांतू,” अण्णा म्हणाले.